साठ गळे आणि एक माईक

समूहानं देवासाठी म्हटलेलं गाणं रेकॉर्ड कसं करायचं, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही. उत्तर आधीच ठरलेलं असतं: जो पुढे उभा राहून गातो त्याच्या तोंडापाशी माईक धरा, बाकीचे म्हणजे 'कोरस'. माझं म्हणणं असं की हे उत्तर चूक आहे. पुण्या-मुंबईत ते चूक असून खपून जातं. भामरागडात त्यानं नुकसान होतं, आणि ते रोज होतंय.

ज्यांनी भामरागड पाहिलेलं नाही (म्हणजे बहुतेक मंडळी) त्यांच्यासाठी थोडक्यात. गडचिरोली जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा अशा तीन नद्या तिथं भेटतात, पलीकडे छत्तीसगड. आलापल्लीहून जंगलातून जाणारा रस्ता, आणि जोराचा पाऊस झाला की पर्लकोटेच्या पुरानं तोही बंद. बाहेरच्या जगाला हे नाव माहीत झालं ते शेजारच्या हेमलकशामुळे, जिथं १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. वस्ती प्रामुख्यानं माडिया गोंडांची. महाराष्ट्रात केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीनच जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया, त्यातली ही एक.

मी तिथला नाही. मी नागपूरचा, पोटापाण्यासाठी पुण्यात, दिवसभर कोड पाडणारा. कॉलेजातला एक मित्र त्या भागात शिकवतो, तो अधूनमधून मोबाईलवर गाण्यांचे तुकडे पाठवतो. दोनदा हिवाळ्यात त्याच्याकडे जाऊन आलोय. एवढ्या भांडवलावर हे मत मांडतोय, तेव्हा त्या हिशेबानंच वाचा.

तिथं गाण्याला 'पाटा' म्हणतात. आणि बाहेरच्यांना माहीत असलेला शब्द म्हणजे 'रेला'. एकमेकांच्या कमरेत-खांद्यावर हात गुंफून उभी राहिलेली माणसं, रांग किंवा अर्धवर्तुळ, पावलांचा एक साधा ठेका, आणि मध्येच किंवा बाजूला ढोल. एक अर्धी रांग ओळ टाकते, दुसरी अर्धी ती उचलते. मग पुन्हा. असं तासन्‌तास. जेवून-खाऊन सुरू झालेला रेला झुंजूमुंजू होईपर्यंत चालू राहिला तर त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, हे तर नाचगाणं झालं, यात पवित्र ते काय? हा प्रश्नच मुळात आपल्या कप्प्यांमधून येतो. आपल्याकडे भजन वेगळं, लावणी वेगळी, अंगाईगीत वेगळं. माडियांचं वर्ष पंडुमांवर चालतं, म्हणजे सणांवर. बियाणं पेरायच्या आधी पंडुम. नवं पीक तोंडात घालायच्या आधी पंडुम. आंबा झाडावर पिकून पडला तरी मरका पंडुम होईपर्यंत खायचा नाही. तिथं पेरमा पूजा करतो, पेनाला म्हणजे देवाला द्यायचं ते देतो, आणि गाव गातं. त्या गाण्यात देव असतो, मेलेले पूर्वज असतात, आणि त्याच दमात पलीकडच्या गावच्या पोरीची थट्टाही असते. यातली 'धार्मिक' ओळ कुठे संपते ते तुम्ही दाखवा, मग बोलू.

आणि हे काही म्युझियममधलं गाणं नाही. चाल जुनी, शब्द आजचे. रस्ता, टॉवर, रेशन, एसटी, सगळं त्यात येऊन बसतं. ज्याला इंग्रजी कॅटलॉगवाले 'समकालीन' म्हणतात ते हेच. फक्त रचनाकाराचं नाव लिहायला जागा नाही, कारण रचनाकार एकटा नाही.

या सगळ्याची रेकॉर्डिंगं जालावर ढिगानं आहेत. तीन प्रकारची. एक, स्टेजवरची: स्पर्धा किंवा महोत्सव, मोजून पाच-सात मिनिटं, अर्धवर्तुळ उलगडून प्रेक्षकांकडे तोंड केलेली रांग, पुढे दोन माईक. दोन, स्टुडिओतली: एक गायक, एक गायिका, कीबोर्डवरचा ढोल, आणि त्यावर डीजेचा ठोका. (ही गाणी वाईट असतात असं मी म्हणत नाही. काही तर झकास आहेत, लग्नात वाजतात, पोरं नाचतात. पण ती वेगळी वस्तू आहे.) आणि तीन, मोबाईलवर काढलेले तुकडे, व्हॉट्सॅपवरून फिरून फिरून पिठूळ झालेले.

मित्रानं पाठवलेला असाच एक तुकडा मी तिथल्या एका पोराला माझ्या हेडफोनवर ऐकवला. त्याच्याच गावचा, आणि तो स्वतः त्यात गात होता. त्यानं पूर्ण ऐकलं, हेडफोन काढला आणि विचारलं, "दादा, यात आमची बाजू कुठं आहे?" ओळ टाकणारी रांग ऐकू येत होती. उचलणारी रांग नव्हती. म्हणजे अगदीच नव्हती असं नाही, पण लांब कुठेतरी पाण्याखाली कुणी कुजबुजतंय असं वाटत होतं.

ही भानगड नेमकी काय होते, ते माझ्या धंद्यातलं असल्यामुळे जरा खोलात शिरतो. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळा.

मोबाईलमधलं आवाजाचं जवळजवळ सगळं तंत्रज्ञान एका गृहीतकावर उभं आहे: समोर एक माणूस बोलतोय. जुन्या मोबाईल कॉलसाठी वापरला जाणारा एएमआर कोडेक घ्या. तो आवाज जसाच्या तसा पाठवतच नाही. तो मानतो की एक घसा आहे, त्यात कंप निर्माण होतो, आणि वर तोंडाच्या पोकळीचा एक फिल्टर आहे. त्या घशाचे आणि फिल्टरचे आकडे तो पाठवतो, पलीकडे त्या आकड्यांवरून आवाज पुन्हा 'बनवला' जातो. एका माणसासाठी ही कल्पना अफलातून आहे, तिच्यामुळेच तर इतक्या कमी बिटांत बोलणं शक्य झालं. पण साठ माणसं एकदम गायला लागली की त्या बिचाऱ्या गणिताला एकच घसा शोधायचा असतो, आणि तो नसतो. शिवाय जुना फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेतो. ढोलाचं पोट त्याच्या खाली राहतं. ते गेलं.

मग येतो आपोआप आवाज कमी-जास्त करणारा भाग. ढोलावर टिपरी पडली की तो दचकून सगळंच खाली ओढतो, आणि पुढच्या क्षणी पुन्हा वर आणतो. गाणं धापा टाकतंय असं ऐकू येतं. त्यानंतर गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर. त्याला शिकवलेलं असतं की जवळचा एक आवाज ठेव, बाकी 'नॉइज'. उचलणारी रांग ही त्याच्या लेखी नॉइज. आणि उरलंसुरलं कमी बिटरेटवर दाबलं की पुष्कळ गळे एका सुराच्या अवतीभवती जे थरथरतात, किंचित वर, किंचित खाली, ज्यामुळे समूहगान समूहगान वाटतं, तीच थरथर कोडेकला फालतू तपशील वाटते आणि तो ती लिंपून टाकतो. प्रत्येक टप्प्यावर यंत्र एकच निर्णय घेतं: एक माणूस ठेवा, गाव काढा. कुणी मुद्दाम केलेलं नाही हे. डिफॉल्ट सेटिंग आहे. पण आमच्या धंद्यात डिफॉल्ट म्हणजेच धोरण, कारण बदलतो कोण?

आणि ही खोड मोबाईलपासूनची नाही. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रांतोप्रांती ग्रामोफोनवर भाषांचे नमुने घेतले गेले. त्यात ठरलेला मजकूर होता बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट, आणि ती एका माणसानं भोंग्यासमोर बसून सांगायची. भाषा म्हणजे एक माणूस बोलतोय, हे समीकरण तिथपासूनचं.

अपवाद आहेत. त्यातला एक मला फार आवडतो. शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० साली सुरू केलेला सीजीनेट स्वर. साधा फोन असला तरी चालेल, मिस्ड कॉल द्या, सर्व्हर उलट फोन करतो, एक दाबा आणि बोला, दोन दाबा आणि ऐका. हातपंप बंद आहे, मास्तर येत नाही, अशा तक्रारी लोकांनी आपापल्या भाषेत नोंदवल्या, गोंडीतसुद्धा. आणि मध्येच लोक गाणीही म्हणायला लागले, कारण लोक ती म्हणतातच. आवाजाची प्रत अर्थात फोनची, वर सांगितलेली सगळी कुऱ्हाड तिच्यावरही चालते. तरी मी त्याला मानतो, कारण बटण कुणी दाबायचं हे तिथं गाणाऱ्यानं ठरवलं. प्रत वाईट, मालकी चांगली. बहुतेक ठिकाणी दोन्ही वाईट असतात.

आता विदर्भातलंच दुसरं उदाहरण. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, पण तरुणपणी साधनेसाठी ते राहिले ते चिमूरकडच्या जंगलात, रामदिघी-गोंदोड्याच्या भागात, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यातच. खंजिरी हातात घेऊन एकट्यानं हजारोंची सभा धरणारा हा माणूस. त्यांच्या मूळ आवाजातली भजनं आजही ऐकायला मिळतात आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्यांनी मागे जी संस्था ठेवली ती स्वतःच्या आवाजाची नाही. ती सामुदायिक प्रार्थनेची. गावानं रोज ठरल्या वेळी एकत्र बसायचं आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं. सुरेल-बेसूर सगळ्यांनी. ज्याचा गळा भारी त्याच्यासाठी ती प्रार्थना नाही, उलट ज्याचा गळा नाही त्याच्यासाठी ती जास्त आहे.

आज विदर्भात फिरलात तर काय दिसतं? पुष्कळ गावांत संध्याकाळी ही प्रार्थना भोंग्यावरून ऐकू येते. रेकॉर्ड. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं, लावणारा घरी गेला. सतरंजीवर कधी चार म्हातारे, कधी कुणीच नाही. गुरुदेव सेवा मंडळाची जिवंत गावं अजूनही आहेत, मी पाहिलीत, तिथं पोरंटोरं मांडी घालून बसतात आणि म्हणतात. पण पेनड्राइव्हची गावं वाढताहेत. आणि त्या पेनड्राइव्हवर काय असतं? एक व्यावसायिक गायक, सिंथेसायझर, आणि मागे चार जणांचा कोरस, तोही इको लावून दाट केलेला. सामुदायिक प्रार्थनेतून समुदाय वजा केलाय आणि कुणाला वजाबाकी दिसत नाही, कारण आवाज स्वच्छ आहे!

मी रेकॉर्डिंगच्या विरोधात आहे असं समजू नका. समूहगान रेकॉर्ड करायचं कसं हे जगाला चांगलं ठाऊक आहे. एस्टोनियाच्या आर्वो पॅर्टचं 'कानोन पोकायानेन' ऐका, १९९८ साली ईसीएमनं काढलेलं, टालिनच्या निगुलिस्ते चर्चमध्ये तिथल्याच फिलहार्मॉनिक चेंबर कॉयरनं गायलेलं. गाणारे थांबल्यावरही दगडी भिंतींत आवाज फिरत राहतो, आणि इंजिनियरनं तो संपू दिलाय. खोलीसुद्धा रेकॉर्ड केली आहे. माणसांच्या तोंडात माईक कोंबलेला नाही, अंतर राखून ठेवलाय, कुठं कोण उभं आहे ते कानाला कळतं. भामरागडात भिंत नाही, छप्पर नाही. तिथली खोली म्हणजे गोटूलसमोरचं अंगण, शेकोटी, कुत्री, पलीकडचं जंगल. मग तीच रेकॉर्ड करा की. यात खर्च फार नाही. हातात मावणारा, दोन माईकचा रेकॉर्डर एका बऱ्या मोबाईलपेक्षा स्वस्त मिळतो. तो दोन रांगांच्या मधोमध, ढोलापासून हातभर नव्हे तर चांगला लांब, बांबूला बांधा. आपोआप लेव्हल बंद. न दाबलेली फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ: तासाला साधारण एक जीबी. आठ तासांची अख्खी रात्र सव्वाआठ जीबी. १२८ जीबीच्या एका कार्डावर पंधरा रात्री मावतात. जागा नाही म्हणून गाणं पाच मिनिटांत कापायचे दिवस केव्हाच गेले. रात्रीची रात्र ठेवा. रेला तिसऱ्या तासाला जे होतो ते पाचव्या मिनिटाला झालेलं नसतं.

तांत्रिक भाग इतका सोपा आहे की मला त्याची लाज वाटते. अवघड आहे ते पुढचं: ही फाईल कुणाची?

आमच्या पिढीनं हॉस्टेलवर एनिग्माचं 'रिटर्न टू इनोसन्स' पारायणं केल्यासारखं ऐकलंय. त्यातला तो आर्त, लांबवलेला आवाज आठवतो? तो तैवानच्या आमिस या आदिवासी समाजातल्या दिफांग या शेतकऱ्याचा आणि त्याच्या बायकोचा. १९८८ साली त्यांचा जथा फ्रान्सला गेला होता, तिथं रेकॉर्डिंग झालं, एका सांस्कृतिक संस्थेनं त्याची सीडी काढली, आणि तिथून तो तुकडा एनिग्माच्या गाण्यात गेला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या जाहिरातीत ते गाणं वाजलं. १९९८ मध्ये त्यांनी दावा लावला, १९९९ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि नाव लागलं. म्हणजे हे कुटुंब निदान भांडू शकलं. पण लक्षात घ्या, ते गाणं मुळात त्या दोघांचंही नव्हतं. ते आमिस लोकांचं होतं. समाजाला काही मिळायची सोय त्या सगळ्या भांडणात नव्हतीच.

आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. गायक नव्हे, गाव तर नव्हेच. हक्क साठ वर्षं. कलावंताचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं आले, त्याच्या व्याख्येत गायक, नर्तक, डोंबारी, अगदी गारुडीसुद्धा आहे, पण सगळे एकेकटे. 'गाव गातं' हे वाक्य कायद्याला वाचताच येत नाही. पुन्हा तेच, एक घसा शोधणारा कोडेक!

पण याच व्याख्येत एक फट आहे, आणि बग शोधायची सवय असल्यामुळे ती मला दिसली. निर्माता म्हणजे कोण? रेकॉर्डिंग करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. माईक कुणाचा, इंजिनियर कोण, हा मुद्दा नाही. मग पुढाकार ग्रामसभेनंच घ्यावा ना. गडचिरोली जिल्ह्याला ग्रामसभा काय करू शकते हे सांगायला मी कोण? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हाती आला, आणि नंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना असे हक्क मिळाले. बांबू गावाचा असू शकतो, हे सरकारला पटायला इतकी वर्षं लागली. गाणं गावाचं असू शकतं हे अजून कुणी मागितलेलंसुद्धा नाही. खरं तर मागायचीही गरज नसावी: १९९६ च्या पेसा कायद्यात परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे असं स्पष्ट लिहिलंय, आणि भामरागड अनुसूचित क्षेत्रात आहे. एक ठराव, त्यात लिहायचं की अमुक पंडुमचं रेकॉर्डिंग ग्रामसभा स्वतः करते आहे, बाहेरून आलेला माणूस फक्त यंत्र चालवणार. झालं. कोर्टात किती टिकेल ते वकिलांनी सांगावं, पण असा ठराव नसेल तर टिकायला काहीच नाही.

यावर मित्राचा आक्षेप असा: "तू ठराव करत बस, तोवर गाणारी म्हातारी जाईल." खरं आहे, घाई आहेच. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या आसपास होते आणि भाषा अजून आठव्या अनुसूचीत नाही, शाळेत पोरांना मराठी. पण घाई हेच कारण पुढे करून आजवर सगळ्यांनी पाच मिनिटांचे तुकडे उचलून नेलेत. मेलेल्या म्हातारीची अर्धी ओळ, दुसरी बाजू गायब, गावाचं नाव चुकीचं, फाईलचं नाव नुसता आकडा. याला वाचवणं म्हणायचं?

आणि आता तर नवीन गिऱ्हाईक आलंय. आदिवासी भाषांसाठी यंत्रं शिकवणं सुरू झालंय, २०२५ मध्ये केंद्र सरकारचं 'आदि वाणी' आलं, त्यात संथाली, भिली, मुंडारीबरोबर गोंडीही आहे. चांगली गोष्ट आहे, मनापासून. दवाखान्यात गेलेल्या बाईला तिच्या भाषेत उत्तर मिळणार असेल तर कुणाची ना असणार? पण यंत्राला खाऊ घालायला आवाज लागतो, आणि आवाज गोळा करणाऱ्याला कॅलेंडर नसतं. त्याला मरका पंडुमचं गाणं दिवाळीत हवं असतं, कारण प्रोजेक्टची डेडलाइन दिवाळीत आहे. काही गाणी ज्या त्या पंडुमलाच म्हणायची, एरवी नाही. आंब्याचंही तसंच आहे. फ्रिजमध्ये बारा महिने आंबा ठेवणाऱ्यांना ते कळणं कठीण.

म्हणून ग्रामसभेच्या त्या वहीत मी तरी एवढे रकाने आखेन: कुठला पंडुम, कुठलं गाव, कुठली रांग ओळ टाकत होती आणि कुठली उचलत होती, फाईलची प्रत कुणाकुणाकडे आहे, आणि वर्षातून कधी ऐकायची. शेवटच्या रकान्यात काही गाण्यांपुढे 'कधीच नाही, पुसून टाकावी' असंही येईल. मित्राला हे पटत नाही, तो म्हणतो पुसायचं तर रेकॉर्ड कशाला करायचं. त्याच्याशी माझा वाद चालू आहे. येत्या हिवाळ्यात रेकॉर्डर घेऊन जातोय, गावानं हो म्हटलं तर.